तोंडाने काही देऊ नये

डॉक्टरांनी मला भर दवाखान्यात झापलं. माझ्या निम्म्या वयाचा माणूस, पण मी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि ऐकून घेणं हा माझा गुण आहे असं मला ओळखणारा कोणीही म्हणणार नाही.

"आजोबा, आत भातच भात. काही दिसलं नाही, कॅमेरा परत बाहेर काढावा लागला. आदल्या दिवशी जेवायचं नाही, हे तुम्हाला नीट सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग खाल्लंत कशाला?"

"भूक लागली म्हणून."

बरोबर आलेली लेक मला डोळ्यांनीच जाळत होती. तिला लहानपणापासून मी ठमी म्हणतो आणि ती खरोखरच ठमी आहे. एकदा कमरेला पदर खोचला की कोणाच्या बापाला ऐकत नाही, म्हणजे मला.  डॉक्टर तिच्याकडे वळून म्हणाले, "अजून एक तारीख देतो. त्यापुढे ढकलण्यात अर्थ नाही. रक्त जातंय, अंगात रक्त उरलेलं नाही, आणि यांच्या भावाचं काय झालं ते तुम्हीच सांगितलंत."

माझा मोठा भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेला. वेळेवर तपासलं असतं तर वाचला असता, असं तेव्हा सगळे म्हणाले. आता माझी पाळी होती.

आणि मी काही अडाणी नव्हे. उभी हयात मी लोकांचे नळ दुरुस्त केले, तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या. पाईपच्या आत बघायचं तर आधी पाईप धुऊन घ्यावा लागतो, हे मला डॉक्टरने शिकवायची गरज नव्हती. पण खरं कारण मी त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? मी खाल्लं ते माझी बायको रडली म्हणून.

बायको माझी नर्स. ऑपरेशनच्या वॉर्डात तिने नोकरी काढली आणि दवाखान्यात तिचा असा वचक होता की सर्जनसुद्धा तिला विचारून हसायचे. सगळे तिला सिस्टर म्हणत. पुढे गल्लीही सिस्टर म्हणू लागली, आणि घरात तिला चिडवायचं असलं की मीही. गेल्या काही वर्षांत तिचं डोकं रिकामं होत चाललं होतं. आत्ता घडलेलं आत्ता विसरायची. भाजीचं नाव, गल्लीचं नाव, शेवटी माझंही नाव गेलं. पण "अहो" राहिलं. मी खोलीत आलो की चेहरा उजळायचा आणि "अहो, आलात?" व्हायचं. तेवढ्यावर माझं चाललं होतं. लोकांना वाटतं म्हातारा किती करतो बिचारा. अरे, दिवसातून वीस वेळा आपण आल्याचा आनंद कोणाला होत असेल, तर माणूस काय वाटेल ते करेल.

दुसरं एक राहिलं होतं, ते म्हणजे माझं ताट. गॅस आम्ही बंद करून टाकला होता, स्वयंपाकाला शेजारची मास्तरीण मदत करायची, पण ताट वाढून माझ्यापुढे आणायचं काम तिचं. माझा राग नाकावर, आणि तरुणपणी तो निघायचा अन्नावर. काही बिनसलं की मी ताट सारून उठायचो आणि तिला मनधरणी करावी लागायची. तेव्हा मी ताटाला नको म्हटलं की तिला एकच अर्थ ठाऊक: हे रागावले.

पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी ती भात घेऊन आली. मी समजावलं, उद्या तपासणी आहे, आज फक्त पाणी आणि औषध. तिला पटलं. "हो का? बरं झालं सांगितलंत," म्हणाली आणि ताट आत घेऊन गेली. थोड्या वेळाने पुन्हा ताट. पुन्हा समजावलं. पुन्हा पटलं. पण होतं असं की कारण ती विसरायची आणि मी नको म्हटल्याचं दुःख तेवढं मनात साचत जायचं. कशाचं ते कळायचं नाही, नुसतंच साचायचं. दुपारी म्हणाली, "रागावलात का?" संध्याकाळी उंबऱ्याशी बसली, ताट मांडीवर, आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. "माझं काय चुकलं ते तरी सांगा. तुम्ही जेवला नाहीत तर मीही नाही जेवणार." खरंच सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. मी ताट ओढलं आणि सगळं खाल्लं. मग तिने डोळे पुसले आणि स्वतः जेवली. झालं ते असं.

नव्या तारखेच्या वेळी ठमी आदल्या सकाळीच येऊन दाखल झाली. "बाबा, मी आईला घेऊन माझ्याकडे जाते, तुम्ही करा तुमचं."

"मागे नेलं होतंस तेव्हा काय झालं?"

मागे तिच्या घरून ही मला शोधायला निघाली होती. अनवाणी, भर रहदारीच्या रस्त्यावरून. ठमी खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला काही झालं तर मला आईला संस्थेत ठेवावं लागेल. माझ्याच्याने नाही होणार. मी आधीच सांगून ठेवते."

तिची नोकरी, तिची मुलं, तिचा तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा संसार. मी तिला बोल लावत नाही. पण संस्था म्हणजे काय ते मी बघितलेलं आहे, तिथले नळ मीच बसवलेत. ओळीने खाटा, आणि दुपारी सगळ्यांना एकदम झोपवतात. मला जगायचं होतं ते काही हौस म्हणून नव्हे. मला हिच्यानंतर जायचं होतं, एवढंच.

तेव्हा ठरवलं, काय वाटेल ते होवो, या वेळी पोट कोरं ठेवायचं.

औषधाची पूड पाण्यात कालवून ठमीने मोठं भांडं भरून ठेवलं. चव म्हणाल तर समुद्राच्या पाण्यात कोणीतरी लिंबाची गोळी चोखून टाकावी तशी. दुपारपर्यंत नुसत्या पाण्यावर राहून माझ्या पोटात कावळे कोकलत होते. म्हण आहे ना, आधी पोटोबा. इथे पोटोबालाच कुलूप घालून बसायचं होतं. मी खाटेवर पडून होतो आणि ही ताट घेऊन आली. सकाळपासूनची कितवी फेरी ते मोजणं मी सोडून दिलं होतं. डोळे आधीच भरलेले. "अहो, थोडं तरी..."

मी थकलो होतो. काहीतरी थट्टेचं बोलून वेळ मारून न्यावी म्हणून म्हटलं, "सिस्टर, उद्या आमचं ऑपरेशन आहे. आज खायला देताय म्हणजे काय?"

ताट तिच्या हातात जागच्या जागी थांबलं.

मग तिची पाठ सरळ झाली. गेली कित्येक वर्षं वाकलेली पाठ. हनुवटी वर गेली. तिने ताटाकडे पाहिलं आणि असल्या आवाजात बोलली की आतल्या खोलीतून ठमी धावत आली. "उपाशी पेशंटपुढे हे ताट कोणी आणलं? कोण आहे ड्युटीवर?"

"आई..." ठमी म्हणाली.

"नातेवाईकांनी बाहेर थांबा. भेटायची वेळ संपलीये."

ठमीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ती तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली आणि व्हरांड्यात जाऊन हसत सुटली. मलाही हसू आवरेना. हिने मला दटावलं, "हसताय काय? गंभीर गोष्ट आहे." माझं मनगट धरून नाडी पाहिली. स्वतःच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, तरी ती तिथेच बघत राहिली. नंतर जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा शोधून त्यावर लिहिलं, तोंडाने काही देऊ नये, आणि तो माझ्या खाटेच्या पायथ्याशी सुतळीने बांधला. अक्षर टपोरं, एकही चूक नाही. गेल्या वर्षी तिला सही जमली नव्हती.

मग पुढचा ग्लास भरून माझ्यासमोर उभी राहिली. "नाक धरा, आणि एका दमात. थुंकायचं नाही. थुंकलात तर पुन्हा भरून आणेन."

मी प्यायलो. काय हिंमत होती न प्यायची? संडासात गेलो की दाराबाहेर उभी राहून विचारायची, "रंग कसा आहे? स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडणार नाही मी तुम्हाला." उभ्या आयुष्यात मी हिला कामावर पाहिलं नव्हतं. दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडायचो, फाटकापासून आणायचो. मध्ये ती कोण असते ते मला त्या दिवशी दिसलं, आणि खरं सांगतो, पोटात मुरडा येत असताना, भिंत धरून संडासाला जाता जाता, मी म्हातारा पुन्हा तिच्या प्रेमात पडलो. ठमी दाराच्या फटीतून म्हणाली, "बाबा, भन्नाट! उद्या सकाळपर्यंत असंच चालू ठेवा."

दोन ग्लासांच्या मध्ये तिने चादर ओढून सारखी केली आणि विचारलं, "आजोबा, घरी कोण असतं तुमच्या?"

आजोबा! मला! मी म्हटलं, "बायको असते."

"मग ती दिसत नाही ती? पेशंटला असं एकटं सोडायचं असतं का?"

"असेल इथेच कुठेतरी."

"येऊ दे, बोलते मी तिच्याशी," ती म्हणाली आणि उशी थोपटली. मी कूस बदलली. 

संध्याकाळी दिवे लागले. ठमी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. मी भिंतीला टेकत संडासातून बाहेर आलो. तिने येऊन मला दंडाला धरलं आणि आम्ही तसेच दिव्याखाली उभे राहिलो. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग तिचा हात वर आला आणि माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावायला लागला. मी बटण उघडं टाकतो म्हणून जन्मभर ती माझ्याशी भांडलेली आहे. पेशंटचं बटण कोणी लावत नाही.

"अहो," ती म्हणाली. अगदी हलक्या आवाजात, लांबून चालत आल्यासारखी. "किती वाळलात तुम्ही! काही खाल्लंत का दिवसभरात?"

ती आली होती. मला फक्त "अगं" म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द, जो मी लग्नापासून बोलत आलोय, तो म्हणायचा आणि तिचा हात धरायचा.

आणि नंतर? नंतर ताट येणार होतं. मी नको म्हणणार, ती रडणार, आणि मी खाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तिच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे मी आजवर कधी टिकलेलो नाही. मग तपासणी पुन्हा बुडणार. डॉक्टर म्हणाला होता, आता ढकलण्यात अर्थ नाही. ओट्यावर अर्धं भांडं अजून शिल्लक होतं. माझ्या डोळ्यांपुढे त्या ओळीने मांडलेल्या खाटा आल्या. एक दिवसाची तर गोष्ट, मी मनाशी म्हटलं. उद्या घरी आल्यावर हाक मारू. आज परत पाठवली म्हणून काय बिघडलं, अशी रोज शंभरदा तर जाते-येते.

मी म्हणालो, "सिस्टर, पुढचा ग्लास कधी घ्यायचा?"

तिचा हात बटणावर थांबला. कपाळावर आठी आली. काहीतरी सापडत आलेलं होतं आणि मी ते तिच्या हातून काढून घेत होतो, हे मला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ती थोडा वेळ शोधत राहिली. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मग आठी गेली, हात खाली आला.

"देते," ती म्हणाली. "तुम्ही पडा जाऊन. असं मध्येच उभं राहायचं नाही."

पहाटेचा डोसही तिनेच पाजला.

तपासणी झाली. भूल उतरली तेव्हा डॉक्टर खाटेशी उभे होते आणि या वेळी हसत होते. "आजोबा, आरशासारखं स्वच्छ होतं! कोणी करून घेतली एवढी चांगली तयारी?"

"एक सिस्टर आहेत ओळखीच्या," मी म्हटलं.

एक गाठ मिळाली होती, ती काढून तपासायला पाठवली होती. दिसायला साधी वाटतेय, पण वेळेवर आलात, म्हणाले. अजून थोडी राहिली असती तर गोष्ट वेगळी होती. ठमी माझ्या पायांवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला, पण लक्ष माझं घराकडे होतं. कधी एकदा जातो आणि हाक मारतो असं झालं होतं.

घरी मास्तरीण हिच्यासोबत बसली होती. मी दारातूनच म्हटलं, "अगं, आलो."

ती उठली, लगबगीने आली, मला दंडाला धरलं. "सावकाश. चक्कर येतेय का?"

"अगं, मी आहे."

"हो, तुम्हीच आहात," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "भूल उतरेपर्यंत असं बरळायला होतं. पडा जरा."

ठमी म्हणाली, "आई, हे बाबा आहेत."

"यांची मुलगी का तुम्ही? काळजी करू नका. सगळं छान झालंय."

उद्या येईल लक्षात, असं ठमी म्हणाली. मीही म्हटलं, येईल. थकली असेल. दुसऱ्या दिवशी मी बटण उघडं टाकून तिच्यासमोर उभा राहिलो. तिने पाहिलं आणि म्हणाली, "उकडतंय का?" आणि खिडकी उघडली. मी लग्नाचा फोटो दाखवला. "छान जोडा आहे," म्हणाली. ओरडून पाहिलं, तीही सवय तिला माहिती. ती शांतपणे म्हणाली, "वॉर्डात आवाज चढवायचा नाही." सुट्टी संपली तशी ठमी गेली. मी खोलीत आलो की ही अजूनही बघायची, पण पेशंट उठून फिरायला लागला याचं समाधान असायचं तेवढंच. वीस वेळा यायचो. वीस वेळा तेच.

गाठ साधी निघाली. ठमीचा फोन आला, हसत होती, रडत होती. "बाबा, वाचलात तुम्ही! आता काही वर्षं बघायला नको. आई काय म्हणते?"

"मजेत आहे," मी म्हटलं.

त्या दुपारी मी स्वतःच ताट वाढून घेतलं. भात, वर थोडी भाजी. टेबलावर ठेवलं, खुर्चीत बसलो, ताट हाताने पुढे सारलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. तरुणपणी बसायचो तस्साच. लाज वाटली नाही. वाट बघत राहिलो की आता येईल आणि विचारेल. भात गार झाला. भूक लागली होती, पण भुकेचं मला आता काही वाटेनासं झालं होतं.

ती आली. ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"जेवण जात नाही का?"

"मी रागावलोय," मी म्हणालो.

"कोणावर?"

"बायकोवर. कधीची वाट बघतोय. येतच नाही ती."

ती शेजारच्या खुर्चीच्या कडेवर टेकली. बसायची सवय नसलेली माणसं टेकतात तशी. माझ्या हातावर तिने आपला हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "रागवू नका हो तिच्यावर. काहीतरी अडचण असेल तिची. नाहीतर आपल्या माणसाला सोडून कोण राहील?"

 नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने पदराने माझं तोंड पुसलं, चमचा उचलला, भात कालवला आणि घास माझ्या तोंडाशी धरला. मी खाल्ला. दुसरा खाल्ला. ती नीट बघत होती, गिळला की नाही ते. ताट संपत आलं तशी ती चुळबुळायला लागली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागली.

"मला निघायला हवं," ती म्हणाली. "आमचे हे फाटकाशी येऊन उभे असतील. फार तापट आहेत हो. पण मी दिसले की राग कुठल्या कुठे पळतो." ती हसली. असं हसताना मी तिला कधीपासून पाहिलं नव्हतं.

ती उठली आणि दाराकडे निघाली.

"सिस्टर," मी म्हणालो, "थांबतील ते. तुम्ही जरा बसा माझ्याजवळ."

तिने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बसली.